उलटलेली कॉलर

माझा डोळा चुकत नाही, हे आमच्या घरात भिंतीवर लिहून लावायचं तेवढं बाकी होतं. तागा बघून मी सांगावं की धुतल्यावर चार बोटं आटेल, आणि तो चारच बोटं आटावा. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे हे मला कळावं. आमचे हे गेले तेव्हा दोन मशीन, एक कापायचं टेबल आणि आईचा डोळा एवढंच मागे उरलं होतं, असं थोरला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. तर त्याच डोळ्यानं एका माणसाला आठ महिने तुरुंगात बसवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मला कोर्टात उभं राहून, हाच तो, असं बोट दाखवायचं होतं.

त्या दुपारी दुकानाला सुट्टी देऊन आम्ही कापायच्या टेबलाभोवती जमलो. एवढं मोठं टेबल घरात दुसरं नाही. आमची भांडणं आणि समेट दोन्ही याच टेबलावर झालेले आहेत. थोरला टेबलाच्या डोक्याशी बसला, कारण तो तिथंच बसतो. धाकटा खिडकीजवळ, उजवा हात मांडीवर पालथा ठेवून. त्याच्या शेजारी त्याची बायको, माझी धाकटी सून. आणि माझ्यासमोर फाईल उघडून थोरल्याची लेक, आमची वकिलीण. वकिलीण म्हणजे अजून दुसऱ्याच्या हाताखाली काम करते, पण काळा कोट तिला मी शिवून दिला आहे, आणि तो अंगात चढला की ती बापाकडेसुद्धा आरोपीकडे बघावं तशी बघते.

धाकट्याच्या हाताचं सांगते. आमच्या घरातला कापणारा तोच. आठ महिन्यांपूर्वी, भर दुपारी, तो टेबलावर वाकून खडूनं खुणा करत होता. मी मागच्या खोलीत दुमडी घालत होते. मागून कोणीतरी त्याची मान धरून तोंड कापडात खुपसलं, इस्त्री उचलली आणि हाडं मोडतील अशी त्याच्या उजव्या हातावर घातली. गल्ला उचकटला आणि पळाला. धाकट्यानं त्याला पाहिलंच नाही. ओरडा ऐकून मी बाहेर आले तेव्हा तो दाराकडे वळत होता. जे काही पाहिलं ते मी एकटीनं पाहिलं. हात बरा झाला, म्हणजे डॉक्टर तसं म्हणतात. अंगठा आणि शेजारची दोन बोटं वळत नाहीत. आता कात्री धाकटी धरते आणि तो शेजारी उभा राहून सांगतो. तुझा हात थरथरतोय, असं तो म्हणतो. तुमची जीभ थांबली की थांबेल, असं ती म्हणते. दिवसभर हे चालतं आणि सदरे मात्र बरे निघतात.

नातीनं आधीच बजावलं होतं की ती मला उत्तरं पढवणार नाही. सरकारी वकील आपल्याच बाजूचे, ते सोपं विचारतील. त्यानंतर समोरचा वकील उलटतपासणी घेईल, त्याची सवय व्हावी म्हणून ती त्याच्यासारखं विचारणार, बस्स. थोरल्यानं खुर्ची पुढे ओढली. त्यानं गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आईच्या एका बोटावर केस उभी आहे. ते खोटं नव्हतं. चोरीचा माल सापडला नव्हता, इस्त्रीवरचे ठसे धाकट्याला उचलायला आलेल्या शेजाऱ्यांच्या हातांनी पुसून गेले होते. उरलं होतं माझं बोट.

नातीनं पोलिसांनी लिहिलेला माझा जबाब वाचायला घेतला. "'सदर इसमास मी त्याच्या चेहरेपट्टीवरून पाहताक्षणी ओळखले.' आजी, हे तू म्हणालीस?"

"सदर मी जन्मात म्हटलेलं नाही."

"मग खाली सही तुझी कशी?"

आता काय सांगायचं होतं तिला. चार पानं होती, बारीक अक्षरात. मला एक पान वाचायला एक बाही चढवण्याइतका वेळ लागतो. तो हवालदार पेन पुढे करून उभा, मागे माणसं खोळंबलेली. वेळ द्या, हळूहळू वाचते, असं चारचौघांत म्हणायची मला लाज वाटली. वाचायचं काय त्यात, मीच तर बोलले, असं म्हणून मी झोकात सही ठोकली. नातीला मी एवढंच सांगितलं की चष्मा घरी राहिला होता. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. चष्मा माझ्या गळ्यात दोरीनं बांधलेला असतो हे तिला ठाऊक आहे, पण ती बोलली नाही. त्या क्षणी ती माझ्या बाजूची होती.

मग नात एकेक विचारत गेली. मिशी होती का. असेल, मी म्हटलं. असेल म्हणजे होती की नव्हती. डोळे कसे. डोळ्यांसारखे. चेहऱ्यावर तीळ, डाग, व्रण काही. काही नाही. धाकटीला ते सहन होईना. ती म्हणाली, तू नक्की कोणाची वकील आहेस. नात शांतपणे म्हणाली की काकू, मी विचारलं नाही तर उद्या तो विचारेल, आणि तो आजीची नात नाही.

"आजी, मिशी आठवत नाही, डोळे आठवत नाहीत. मग सहा माणसांतून तू ओळखलंस कशावरून?"

मला राग आला. राग आला की मी सगळं खरं बोलून जाते, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे.

"कॉलरवरून. उलटलेली कॉलर होती. डावं टोक उजव्यापेक्षा दोराभर खाली, कारण मुळात कापडच तिरकं कापलेलं. पण टोकाशी टाका असा बसवलेला की भिंग घेऊन शोधा. या गावात तसा टाका दुसरं कोणी घालत नाही."

"ते तुला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? मीच घातलाय."

हे मी मान ताठ करून सांगितलं. आणि मग मला माझंच बोलणं ऐकू आलं.

कॉलर उलटणं हे आमचं जुनं काम. शर्ट धड असतो, पण कॉलर मानेशी घासून फाटते. ती उसवायची, पालथी करायची आणि पुन्हा बसवायची. फाटकी बाजू आत जाते, कोरी वर येते. आता लोक शर्टच टाकून देतात, त्यामुळे वर्षाकाठी अशी पाच-सात कामं येतात. त्यातलं एक ते होतं. गोदामात हमाली करणारा कोणी, सगळं होण्याच्या दोन-तीन महिने आधी येऊन गेलेला. शर्ट घेतला धाकट्यानं, उलटला मी. तो घालून बघायला उभा राहिला तेव्हा मी मागच्या खोलीतून मान वाकवून फक्त गळा पाहिला होता. तोंडाकडे कशाला बघू, तोंड थोडंच मी शिवलं होतं?

ओळख परेड म्हणतात तिला. पोलिसांनी संशयावरून उचललेल्या एकाला धरून सहाजणांना रांगेत उभं केलं होतं. पाच अनोळखी आणि एक ओळखीचा. ओळख होती म्हणून ओळखला, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि मी त्याचा दुसराच अर्थ लावून बसले. चौथ्याच्या गळ्यापाशी माझी नजर अडकली, ओळखीचं काही दिसलं, आणि मला वाटलं हाच. साहेब म्हणाले, वा आजी, याला म्हणतात नजर. ते वा मी आठ महिने जपून ठेवलं होतं.

नातीनं फाईल मिटली. आवाजातला वकील काढून टाकून ती म्हणाली, "आणि त्या दिवशी दुकानातून पळाला, त्याची कॉलर कशी होती गं?"

मी डोळे मिटले. सांगायला लाज वाटते, पण माझं पोर टेबलाखाली विव्हळत होतं आणि त्या माणसाची पाठ बघून माझ्या मनात आलं होतं, कोणी शिवला रे हा. विकतचा शर्ट, नवाकोरा. खांद्याची टीप ओढलेली, पाठीवर चुणी. कॉलर पुठ्ठ्यासारखी कडक. त्या शर्टाला कोणाचीही सुई कधी लागलेली नव्हती. हे सगळं माझ्या डोळ्यानं बघून ठेवलं होतं. विचारलंच नव्हतं कोणी त्याला.

थोरला उठला आणि दाराची कडी लागली आहे का ते बघून आला. लागलेली होती. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यानं मला नंतर सांगितलं, न सांगता कळलं असतं तरी. त्याला वाटत होतं की आता आईवर खोट्या साक्षीचं बालंट येणार, म्हातारपणी तिला कोर्ट बोल लावणार. त्यानं मधला रस्ता काढला. आई, तू म्हण की वय झालं, आता आठवत नाही. कोणी तुला काही म्हणणार नाही. केस आपोआप पडेल.

"आठवत नाही? मला? तुझ्या मुंजीच्या वयातल्या चड्डीची गुंडी कुठल्या रंगाची होती ते सांगू का इथं तुझ्या पोरीसमोर?"

नात हसली, थोरला हसला नाही. आणि तेव्हा धाकटा बोलला. तो हात मोडल्यापासून कमी बोलतो, म्हणून सगळे वळले.

"मला माहीत होतं, आई."

काय माहीत होतं, असं त्याच्या बायकोनं विचारलं.

"पहिल्या तारखेला त्याला आणलं तेव्हाच. शर्ट मीच घेतला होता त्याच्याकडून. म्हटलं, गिऱ्हाईकसुद्धा चोर असू शकतं. आई म्हणते तर तोच असणार. आईनं ओळखलाय, मग मी कोण?" त्यानं पालथा हात सुलटा केला. "आणि तुझा डोळा चुकला असं तुला सांगायचं तरी कसं? माझा हात गेलाय, तुझा डोळाही गेला तर दुकानात राहिलं काय?"

हे माझं पोर. माझ्या मानेला झुकायला लागू नये म्हणून आठ महिने तोंड शिवून बसलं होतं. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. टेबल मध्ये होतं म्हणून दोन्ही राहिलं.

धाकटी मात्र उभी राहिली. तिची बाजू कोणीतरी नीट मांडायला हवी, कारण ती त्या दुपारी एकटी पडली. रोज सकाळी ती नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावते. तो मान वर करून भिंतीकडे बघत उभा राहतो, आणि ती रोज शेवटच्या बटणाशी स्वतःला सांगते की तो माणूस आत आहे. त्याच्यावर तिचा दिवस सुरू होतो. हे तिनं मला पुढे सांगितलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली:

"म्हणजे कोणीच आत नाही. हात मोडला आणि कोणीच मोडला नाही. असंच ना?"

थोरला म्हणाला, तसं नव्हे. मग कसं, असं तिनं विचारलं. ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्हाला नक्की वाटतंय का? की हिनं विचारून विचारून तुमचा गोंधळ केला? उद्या एकदा बोट दाखवलं की संपतंय हो."

नात टेबलाला वळसा घालून तिच्याकडे गेली. लहानपणी या काकूच्या मशीनखाली बसून ती चिंध्यांची बाहुली करायची. दोघींचं तेव्हापासून गूळपीठ. "काकू, याला शिक्षा झाली की पोलीस फाईल बंद करतील. मग काकाचा हात ज्यानं मोडला त्याला कोणीच शोधणार नाही. तुला तो हवाय की कोणीतरी हवाय?"

धाकटीनं टेबलावरची कात्री उचलून खणात ठेवली आणि वर निघून गेली. जिन्यावर तिची पावलं मोजून पडत होती. आता ती कोणाच्याच बाजूची नव्हती.

सकाळी कोर्टाच्या बाहेर नातीनं सरकारी वकिलांना गाठून सगळं सांगितलं. त्यांच्या बगलेत सात फायली होत्या. ते मला म्हणाले की आजी, ऐन वेळी सगळ्यांचे पाय लटपटतात, तुम्ही घाबरू नका, फक्त बोट दाखवा. माझे पाय लटपटत नव्हते. माझ्याकडे बघायला त्यांना वेळ नव्हता, त्यांचंही माझ्यासारखंच झालं होतं.

धाकट्याची साक्ष व्हायची होती, म्हणून त्याला बाहेर बाकावर बसवलं, आणि सोबतीला थोरला. आत माझ्याबरोबर नात होती. आणि शेवटच्या बाकावर, आमच्यापासून लांब, धाकटी येऊन बसलेली दिसली. कधी आली कोण जाणे.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांच्या काळ्या कोटाच्या उजव्या बाहीची दुमड उसवली होती आणि टाचणी लावलेली होती. आरोपी समोर उभा. त्याच्या अंगात तोच शर्ट. त्याच्याकडे तो एकच चांगला, दर तारखेला त्याची बहीण धुऊन इस्त्री करून आणायची. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी दुकानात जो माणूस होता तो इथे आहे का.

"हा माणूस माझ्या ओळखीचा आहे," मी म्हटलं. "याची कॉलर मी उलटून दिली होती. म्हणून मला तो ओळखीचा वाटला आणि मी बोट दाखवलं. मारणाऱ्याच्या अंगात विकतचा नवा शर्ट होता. त्याचं तोंड मी धड पाहिलेलं नाही. मी चुकले."

सरकारी वकील न्यायाधीशबाईंना म्हणाले की साक्षीदार उलटली आहे, हिला मीच प्रश्न विचारण्याची परवानगी द्यावी. आणि त्यांनी मला विचारलं की तुम्हाला कोणी धमकी दिली का, कोणी काही देऊ केलं का, जबाबावर सही तुमचीच ना. आपला म्हणवणारा माणूस असं विचारतो तेव्हा ते जास्त लागतं. मी सांगितलं, सही माझी, अक्षर हवालदाराचं. मला वाचायला वेळ लागतो आणि ते मी तेव्हा लाजेपायी सांगितलं नाही. हे म्हणताना मात्र माझे पाय खरंच लटपटले. कॉलरचं सांगताना लटपटले नव्हते.

न्यायाधीशबाईंनी लिहायचं थांबवून विचारलं, "उलटली असं हे म्हणतात. तुमचं काय म्हणणं आहे?"

"बरोबरच म्हणतात ते, बाई. आम्ही उलटतो ती फाटकी बाजू झाकायला. आज मी फाटकी बाजू वर घेतली एवढंच."

त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही. टाचणी लावलेल्या हातानं त्या बराच वेळ लिहीत होत्या.

बाहेर आल्यावर नातीनं सगळं सांगितलं तर थोरला कपाळाला हात लावून बसला. त्याचं दुःख वेगळंच होतं. "उभ्या जन्मात पहिल्यांदा आई मी चुकले म्हणाली, आणि आम्ही बाहेर बाकावर." धाकटा म्हणाला, कोर्टाच्या कागदावर आलं असेल, नक्कल मिळते का बघू, फ्रेम करून दुकानात लावू. मी दोघांनाही शेलक्या शब्दांत गप्प केलं. धाकटी आमच्या मागून चालत होती, हाताची घडी घालून. घरी आल्यावर तिनं खणातली कात्री काढून जागेवर ठेवली आणि वर गेली.

सहा आठवड्यांनी तो सुटला. ज्यानं धाकट्याचा हात मोडला तो सापडला नाही. नात महिन्यातून एकदा पोलिसांकडे जाऊन फाईल उघडी आहे का विचारते, ते आहे म्हणतात. तसे शर्ट हजारो फिरतात. मी अजून रस्त्यानं जाताना पाठी बघते, पण आता कोणाकडे बोट करत नाही.

आणि एका सकाळी तो दुकानात आला. बहीण दाराशी उभी राहिली, तो आत. त्यानं कागदी पिशवीतून तोच शर्ट काढून टेबलावर ठेवला. तारखांसाठी धुऊन धुऊन उलटलेली बाजूही फाटली होती. कॉलरला दोनच बाजू असतात, तिसऱ्यांदा उलटता येत नाही. मी शर्ट हातात घेतला, खालचा घेर पाहिला. शर्ट खोचून घालणार असशील तर तिथलं चार बोटं कापड काढून नवी कॉलर करता येईल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, खोचूनच घालतो.

कात्री धाकटीच्या हातात होती. मला वाटलं ती वर निघून जाईल. धाकटा तिच्या शेजारी उभा होता आणि त्यानं पहिल्यांदाच तिला काही शिकवलं नाही. तिनं टेप ओढून घेतला आणि कापडावर खाली बघतच विचारलं:

"मान किती?"

"आधी वर बघ," मी तिला म्हटलं. "माणसाचं तोंड बघ. मग मान मोज."

तिनं वर पाहिलं. मीही पाहिलं. त्याच्या उजव्या भुवईत एक जुना व्रण होता, चांगला नखाएवढा, कोणालाही लांबून दिसेल असा.